व्हीआरमध्ये ‘इथे हात लाव’ हे न बोलता कसं सांगायचं?

फ्यूजवायर

मंडळी, धागा थोडा तांत्रिक आहे. पण इथे गेम खेळून रात्री जागवणारे आहेत, डिझाइनवाले आहेत आणि कारखान्यात आयुष्य काढलेलेही आहेत, म्हणून इथेच टाकतोय.

आम्ही एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागासाठी व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट घालून दिसणारं आभासी जग) प्रशिक्षण बनवतोय. विषय लॉकआउट-टॅगआउट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मशीन उघडण्याआधी तिचा पुरवठा तोडायचा, आयसोलेटरला (पुरवठा तोडणाऱ्या स्विचला) स्वतःचं कुलूप घालायचं, नावाचा टॅग अडकवायचा, आत साठलेली हवा-वीज काढून टाकायची आणि मग टेस्टरने खात्री करायची की खरंच काही शिल्लक नाही. किल्ली ज्याची त्याच्या खिशात. हेडसेट मेटाचा क्वेस्ट ३, हातात कंट्रोलर, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम चालू आहे.

विजेचं पॅनेल हुबेहूब झालंय. गंजाचे डागसुद्धा आहेत. पण माणूस हेडसेट घालतो, ‘आयला, भारी!’ म्हणतो, चहूकडे मान फिरवतो आणि उभा राहतो. हात मांडीला चिकटलेले. मग विचारतो, ‘आता काय करू?’

म्हणून आम्ही जिला जिला हात लावता येतो त्या वस्तूला, हात जवळ आला की निळी किनार उजळेल असं केलं. हात हलायला लागले, पण डोळे पॅनेलवरून उडाले. आता लोक भिंतीवरून हात फिरवत जातात, विमानतळावर अंगावरून तो दांडा फिरवतात तसा, आणि निळं दिसलं की दाबतात. शेजारी शेजारी तीन सारखे आयसोलेटर ठेवलेत, त्यातला आपल्या मशीनचा कुठला हे पाटीवर वाचायचं असतं. ती पाटी कोणी वाचतच नाही!

किनार काढली तर लोक थिजतात, ठेवली तर विचार करत नाहीत. काय करावं?

रात्रपाळी

भावा, हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स खेळलायस का? वाल्व कंपनीचा व्हीआर गेम, मार्च २०२० चा. नसशील तर आधी तो खेळ, ऑफिसच्या वेळेत खेळ, संशोधन म्हणून सांग.

सुरुवातीला तुला बंदूक देत नाहीत, शत्रूही नाही. एक बाल्कनी आणि आतली खोली. रेडिओ आहे, बटणं फिरतात. डबे-बाटल्या आहेत, खाली फेकता येतात. काच आहे आणि शेजारी मार्कर पडलेत, मार्कर उचलून काचेवर टेकवला की रेघ उमटते. कोणी सांगत नाही ‘मार्कर उचला’. लॉकडाउनच्या काळात एका गणिताच्या मास्तरांनी त्याच काचेवर भूमितीचा तास घेतला होता, व्हिडिओ बराच फिरला.

म्हणजे पहिली काही मिनिटं हात फुकट वापरायला मिळतात. काही बिघडत नाही, कोणी मारत नाही, वेळ संपत नाही. तुझ्या कामगाराला तू हेडसेट घातल्या घातल्या ४१५ व्होल्टसमोर उभं करतोस, तो हात कशाला उचलेल?

चौकस

वाचतोय. (पॉपकॉर्न घेऊन.)

निशिगंधा_के

छान धागा. मी डिझाइनमध्ये आहे, व्हीआरमध्ये थोडंफार काम केलंय.

थोडी पार्श्वभूमी, कारण पुढे उपयोगी पडेल. जेम्स गिब्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ च्या पुस्तकात मांडलं की प्राण्याला भोवताल दिसतो तो ‘इथे मला काय करता येईल’ या रूपात दिसतो. कट्टा दिसला की बसण्याची सोय दिसते. त्याला त्याने अफोर्डन्स म्हटलं. डॉन नॉर्मनने १९८८ मध्ये ही कल्पना वस्तूंच्या डिझाइनमध्ये आणली. ओढायची की ढकलायची ते न कळणारी दारं त्याच्याच नावाने ओळखली जातात. पण लोक त्या एका शब्दात सगळंच कोंबायला लागले, म्हणून २०१३ च्या सुधारित आवृत्तीत त्याने वेगळं काढून सांगितलं: करता येणं ही एक गोष्ट, आणि करता येतं हे कळवणारी खूण ही दुसरी. ती खूण म्हणजे सिग्निफायर.

व्हीआरची पंचाईत अशी की खऱ्या जगात या दोन गोष्टी बहुतेक वेळा एकाच वस्तूत असतात. लोखंडी मूठ धरता येते आणि धरण्यासारखी दिसतेही. व्हीआरमध्ये मूठ दिसते, ती धरता येईलच याची हमी नाही, कारण प्रोग्रामरने तिला कोड लावला नसेल तर ती नुसतं चित्र आहे. माणसाला हे लगेच उमगतं. दोन वस्तूंना हात लावून पाहतो, दोन्ही मुक्या निघाल्या की तिसरीला लावतच नाही. तुमचा कामगार थिजतो त्याचं कारण भीती असेल, पण हेही असेल. तुमच्या त्या हुबेहूब खोलीत किती वस्तूंना प्रत्यक्षात हात लावता येतो?

फ्यूजवायर

@निशिगंधा_के, नेमकं बोट ठेवलंत. आयसोलेटर, कुलूप, टॅग, टेस्टर, पॅनेलचं दार. बाकी सगळं, म्हणजे अग्निशामक, टूलबॉक्स, स्टूल, पाण्याची बाटली, नोटीस बोर्ड, हे नुसतं सजावटीचं. क्लायंटला खोली ‘भरलेली’ हवी होती.

निशिगंधा_के

मग तुमच्या निळ्या किनारीचं काम तुमच्याच सजावटीने वाढवलंय. खोट्या वस्तूंच्या गर्दीतून खऱ्या शोधायला ती लागते. एक तर टूलबॉक्स उघडू द्या, नाही तर टूलबॉक्स काढून टाका. बाटली ठेवायची तर ती उचलता आणि फेकता आली पाहिजे.

औल्केमी लॅब्जच्या जॉब सिम्युलेटर या गेममध्ये (२०१६, व्हाइव्ह हेडसेटबरोबरच आला) हेच पाळलंय. कार्टूनसारखं स्वयंपाकघर आहे, जाडजूड बटणं, ढोबळ खटके. पण हातात येईल असं जे वाटतं ते येतं. आणि एक मजा बघा, वस्तू उचलली की तिथे हात दिसेनासा होतो, नुसती वस्तू दिसते. टोमॅटो धरला तर हाताच्या जागी टोमॅटो. त्यांनी त्याला ‘टोमॅटो प्रेझेन्स’ असं नावच दिलंय. खेळणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. बोटं वस्तूभोवती बरोबर वळली की नाही या भानगडीतून सुटका होते ती वेगळीच.

साध्या ढोबळ चित्रात आणखी एक फायदा असतो. खोली जितकी खरी दिसेल तितकी माणसाची मागणी वाढते. कार्टूनमधला नळ सुरू झाला नाही तर चालतं. गंजाच्या डागांसकट काढलेला नळ सुरू झाला नाही तर ती फसवणूक वाटते.

सडेतोड

एवढा खल कशाला? सुरुवातीला दोन मिनिटांचा व्हिडिओ दाखवा, ‘हे बटण दाबलं की धरता येतं, हे दाबलं की सोडता येतं’. विमानात एअर होस्टेस दाखवते तसं. काम झालं.

रात्रपाळी

@सडेतोड, आणि विमानात ते किती जण बघतात?

सिअ‍ॅटलकर

सडेतोड यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, पण व्हिडिओ बाहेर पाहायचा आणि हात आत वापरायचे, मध्ये बरंच गळून जातं. हेडसेट घातला की कंट्रोलरची बटणं दिसत नाहीत हेसुद्धा नवख्याला नवीन असतं.

ऑक्युलस या हेडसेटवाल्या कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये टच कंट्रोलर आणले तेव्हा सोबत ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’ नावाचा छोटा अनुभव दिला होता. जुन्या कॉम्प्युटरच्या पसाऱ्याने भरलेली खोली, समोर एक लहानसा रोबो. तो आधी तुमच्याकडे बघून हात हलवतो. माणूस काय करतो? उलट हात हलवतो! तिथेच कळतं की आपला हात या जगात दिसतो. मग तो फ्लॉपीसारखी चकती पुढे धरतो. कोणी काही पुढे केलं की आपण घेतोच. समोर यंत्राला खाच असते, चकती त्या खाचेच्या मापाची. घातली की यंत्र काहीतरी छापून देतं, कधी फुलपाखरं उडतात आणि बोट पुढे केलं तर येऊन बसतात. एकही वाक्य न वाचता धरणं, देणं-घेणं, घालणं, दाखवणं सगळं येतं.

तुमच्या प्रशिक्षणात रोबो नको, पण सुपरवायझर आहेच की. त्याला कुलूप पुढे धरू द्या.

फ्यूजवायर

हे आवडलं. सुपरवायझरचं पात्र आहे, सध्या कोपऱ्यात उभं राहून भाषण देतं.

टर्नर_काका

नमस्कार. मी आयटीआयमध्ये शिकवत होतो, आता निवृत्त. नातवाने एकदा तो डबा डोक्याला बांधला होता, तेवढाच माझा अनुभव. पण लॉकआउट मी पोरांना शिकवलंय, म्हणून बोलतो.

तुम्ही सगळे दोन वेगळे प्रश्न एकाच पिशवीत टाकताय असं मला वाटतंय.

पोरगं पहिल्या दिवशी लेथवर आलं की आम्ही मेन बंद करून त्याला सगळं हाताळू द्यायचो. चक फिरव, टेलस्टॉक सरकव, हँडव्हील फिरवून बघ, कुठं काय हलतं ते बघ. तिथं लपवायचं काहीच नसतं. मागेल ते सांगायचं, न मागता पण सांगायचं. हा झाला हाताचा अभ्यास.

पण नंतर बिघाड काढायला दिला की तोंड गप्प. कुठली केबल कुठं जाते ते त्यानं ड्रॉइंग बघून, केबल धरून, पाटी वाचून शोधायचं. मी जर तिथं ‘हा बघ, हा आयसोलेटर’ म्हणून बोट दाखवलं तर तो माझं बोट शिकला, पॅनेल नाही शिकला. उद्या बोट नसेल तेव्हा तो शेजारच्या मशीनचा स्विच बंद करून हात घालणार आणि मरणार. हे उगाच म्हणत नाही, चुकीचा स्विच बंद करून लोक गेलेले आहेत.

तुमची ती निळी किनार म्हणजे माझं बोट आहे.

निशिगंधा_के

काका, दंडवत.

चौकस

पॉपकॉर्न बाजूला ठेवले. ही प्रतिक्रिया कोणीतरी वर चिकटवा.

फ्यूजवायर

काका, खूप खूप आभार. इतके दिवस टीममध्ये ‘हायलाइट हवा की नको’ यावरच भांडण चाललं होतं. आता असं दिसतंय: ‘या जगात हात कसे चालतात’ हे आम्ही मोकळ्या हाताने शिकवायचं, त्यात काही राखायचं नाही. ‘या कामात कशाला हात लावायचा’ हे मात्र दाखवायचं नाही, कारण तेच शिकवायचंय.

पण मग तीनही आयसोलेटर सारखेच चालले पाहिजेत ना? आत्ता फक्त बरोबरचाच फिरतो, बाकीचे दोन नुसते चित्र आहेत.

टर्नर_काका

अरे देवा. मग तर पाटी वाचायची गरजच काय? जो फिरेल तो आपला!

तिन्ही फिरू देत. चुकीचा बंद केला तर पलीकडची चालू लाइन बंद पडू दे, कोणीतरी लांबून शिव्या घालत येऊ दे. आणि आपलं मशीन चालूच राहू दे. टेस्टर लावला की दिवा लागू दे. तिथं त्याच्या पोटात गोळा येईल, तो महत्त्वाचा.

रात्रपाळी

काकांच्या ‘शिव्या घालत येऊ दे’ ला +१. आवाज माझा घ्या, फुकट देतो.

याच्याशी जुळणारं अ‍ॅलिक्समधलंच सांगतो. एका प्रकरणात जेफ नावाचा आंधळा राक्षस आहे, तो आवाजावर येतो. एक माणूस तुला आधीच सावध करतो. आत गेलं की हवेतल्या बुरशीने अ‍ॅलिक्सला खोकला येतो, आणि खोकला आला की तो येतो. काय करायचं? तोंडावर हात धरायचा. बटण वगैरे काही नाही, खरोखर आपला हात तोंडापाशी न्यायचा, खोकला थांबतो. कपाटाचं दार उघडलं की आतल्या बाटल्या गडगडतात, म्हणून दार हळू उघडून दुसऱ्या हाताने बाटली झेलायची. किनार-बिनार काही नाही. अडचण एवढी स्पष्ट असते की हात आपोआप तिथे जातो.

उलट, त्या गेमात क्रोबार (पहार) नाही, जी या मालिकेची ओळख आहे. वाल्वच्या लोकांनीच मुलाखतींत सांगितलंय की करून पाहिली होती, पण ती खेळणाऱ्याच्या नकळत दारात-बिरात अडकायची. हातात पहार दिली की माणूस ती मारणारच. मारल्यासारखं वाटणार नसेल तर देऊच नये.

सडेतोड

गेमवाल्यांचं ठीक आहे, त्यांच्याकडे वेळ आणि पैसा. चाकणच्या कारखान्यात एका बॅचला तासभर मिळतो. ‘हातात खेळू द्या’ म्हटलं की एचआर घड्याळ दाखवतं.

फ्यूजवायर

@सडेतोड, तेही खरं. पण आत्ता तोच वेळ ‘आता काय करू’ला उत्तरं देण्यात जातोय, बाहेरून ओरडून. ‘दादा, पुढे जा, ट्रिगर दाबा, नाही नाही, दुसरं बोट!’

सिअ‍ॅटलकर

हे ‘दुसरं बोट’ प्रकरण सोडवायला सोपं आहे. कंट्रोलरवर धरायचं बटण मधल्या बोटाखाली असतं आणि ट्रिगर तर्जनीखाली. नवखा माणूस जे बोटाखाली येईल ते दाबतो. दोन्हींनी धरता येऊ द्या. कुठलंही दाबलं की मूठ वळली पाहिजे. तुमच्या प्रशिक्षणात ट्रिगरला वेगळं काम नसेलच. टेस्टरला असेल, तर तो हातात असेल तेव्हापुरतं ट्रिगरचं काम बदला.

आणि हात कसा दाखवता? हात वस्तूजवळ नेला की बोटं आपोआप थोडी उघडून त्या मुठीच्या आकाराला येतात, असं करता येतं. निळ्या किनारीपेक्षा हे कितीतरी बरं. किनार वस्तूबद्दल बोलते आणि सगळीकडे सारखीच दिसते. बोटांचा आकार सांगतो की हे चिमटीत धरायचं, हे मुठीत, हे तळव्याने ढकलायचं. आणि ते तीनही आयसोलेटरला सारखंच होणार, म्हणजे काकांची परीक्षा फुटत नाही.

निशिगंधा_के

सिअ‍ॅटलकर, अगदी. याला जोडून एक, ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं: ज्या वस्तूला काहीच करता येत नाही तिनेही उत्तर दिलं पाहिजे. भिंतीला हात लावला तर हात आरपार जातो की थांबतो? दिसणारा हात पृष्ठभागावर थांबवा, खरा हात पुढे गेला तरी. सोबत कंट्रोलरची बारीकशी थरथर आणि ‘टक्’ असा पत्र्याचा आवाज. बंद कुलपाला ओढलं तर ते किंचित हलू दे, खडखडू दे. ‘मी आहे, पण असा उघडणार नाही’ एवढं त्याने सांगितलं तरी माणूस पुढचा प्रयत्न करतो. मुकी वस्तू माणसाला शंकेत टाकते: हे उघडत नाही, की मला धरता येत नाही, की सॉफ्टवेअर बंद पडलंय? तिन्हींचं उत्तर वेगळं आणि आत्ता तिन्हींना तुमची खोली गप्पच बसते.

चौकस

एक बाळबोध प्रश्न. हे कंट्रोलर कशाला? नुसते हात वापरता येतात ना आता? अ‍ॅपलच्या हेडसेटबरोबर तर कंट्रोलर येतच नाही.

सिअ‍ॅटलकर

बाळबोध नाहीये. क्वेस्टवर नुसत्या हातांची सोय २०१९ च्या डिसेंबरपासून आहे आणि आता बरीच सुधारली आहे. पण हाताला थरथर देता येत नाही. म्हणजे ‘टक्’ फक्त कानाला कळणार, बोटाला नाही. आणि हात कॅमेऱ्याच्या नजरेआड गेला, पॅनेलमागे वाकलात, की गायब.

अ‍ॅपलचं व्हिजन प्रो (अमेरिकेत फेब्रुवारी २०२४) वेगळ्या वाटेने गेलंय. डोळ्यांनी बघायचं आणि चिमूट करायची, हात मांडीवर असला तरी चालतं. ज्याच्याकडे बघाल ते बटण किंचित उजळतं, म्हणजे ‘हे दाबता येतं’ हे बघण्यातूनच कळतं. गंमत अशी की ते उजळणं अ‍ॅप करत नाही, सिस्टिम परस्पर करते. तुम्ही कुठे बघताय हे अ‍ॅपला कळूच देत नाहीत, चिमूट केल्यावरच कळतं. माणूस कशाकडे किती वेळ बघतो यावरून त्याच्याबद्दल फार काही काढता येतं, म्हणून हा पडदा. खाजगीपणासाठी उत्तम, पण ‘हा बराच वेळ कुलपाकडे बघतोय, याला इशारा द्यावा’ असं काही तुम्हाला करता येत नाही. शिवाय नजर डगमगते, म्हणून बटणाभोवती निदान ६० पॉइंटची जागा सोडा असं अ‍ॅपल सांगतं.

नजरेने काम करण्यातला जुना धोका रॉबर्ट जेकब या संशोधकाने १९९० च्या सुमारासच मांडला होता. बघणं आणि करणं एकच केलं, तर जिकडे बघाल ते सुरू होईल. ग्रीक कथेतला तो राजा मिडास, हात लावेल त्याचं सोनं होतं आणि मग जेवायची पंचाईत! म्हणून बघणं वेगळं, चिमूट वेगळी.

निशिगंधा_के

हवेतल्या खुणांचं दुखणं वेगळं आहे, त्या कुठे लिहिलेल्या नसतात. बटण दिसतं, चिमूट दिसत नाही. मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या होलोलेन्स हेडसेटला (२०१६) मेनू उघडायला ‘ब्लूम’ करावं लागायचं, पाचही बोटांची टोकं जुळवून फुलासारखी उघडायची. सुंदर, पण आपण होऊन कोणाला सुचणार? होलोलेन्स २ मध्ये (२०१९) ते सोडून दिलं. मनगटाकडे बघितलं की तिथे खूण दिसते, दुसऱ्या हाताने तिला बोट लावायचं. क्वेस्टवरही तळवा आपल्याकडे वळवला की चिन्ह उगवतं. जी खूण वस्तूवर लावता येत नाही ती माणसाच्या अंगावर लावली.

फ्यूजवायर, तुमच्या कामगाराचं कुलूप आणि टॅग कुठे असतात सध्या?

फ्यूजवायर

टेबलावर. आणि टेबल मागे आहे, त्यामुळे दिसत नाही असं बरेच जण म्हणतात.

टर्नर_काका

कंबरेला लाव की! मेंटेनन्सवाल्याचं कुलूप पट्ट्याला नाही तर खिशात असतं. खाली बघितलं की दिसेल. हात सहज जाईल, त्या हाताला ती सवयच असते.

मिरची_भजी

उशिरा आले, सगळं वाचलं. टेबलावरून आठवलं म्हणून लिहिते, कारण हे कोणी बोललं नाही. माझ्या सासूबाईंनी व्हीआरमध्ये संग्रहालय बघताना समोरच्या टेबलावर हात टेकून वाकून बघायचा प्रयत्न केला. टेबल नव्हतंच! सासरे शेजारी होते म्हणून वाचल्या, नाही तर कंबर गेली असती.

त्यामुळे जे करता येतं ते दाखवा, ठीक. पण जे करता येत नाही आणि करावंसं वाटतं, ते आधी हलवा. फ्यूजवायर यांच्या खोलीत ‘स्टूल’ आहे असं वर लिहिलंय. कोणीतरी त्यावर बसणार आहे, लक्षात ठेवा.

फ्यूजवायर

ताई, स्टूल आजच काढतो. टेबल ठेवलंच तर खऱ्या खोलीत त्याच जागी, त्याच उंचीचं खरं टेबल ठेवता येईल का बघतो.

रात्रपाळी

सासूबाई सुखरूप आहेत ना? बाकी चर्चा नंतर.

मिरची_भजी

सुखरूप. आता खुर्चीत बसून बघतात आणि मला सूचना देतात.

निशिगंधा_के

मिरची_भजी यांचा मुद्दा सगळ्यात आधी अमलात आणा.

खुर्चीवरून निघालंय तर उंची आणि पोच यांचंही बघा. बसलेल्या माणसाचा, बुटक्या माणसाचा हात वरच्या आयसोलेटरला पोचत नाही. लांबचं धरायचे उपाय जुने आहेत. १९९६ मध्येच ‘गो-गो’ नावाची पद्धत निघाली होती, हात जवळ असेतो खऱ्याइतकाच, पुढे नेला की दिसणारा हात जास्त जास्त लांबत जातो. अ‍ॅलिक्सचे हातमोजे वस्तू लांबून हातात खेचून आणतात. पण प्रशिक्षणात मी ते वापरणार नाही. आयसोलेटरपाशी चालत जाणं हा कामाचा भाग आहे. पॅनेलची उंचीच थोडी कमी-जास्त करता येईल अशी सोय ठेवा.

आणि नुसत्या रंगावर काही सोपवू नका. लाल-हिरव्यात गोंधळ होणारे पुरुष तुमच्या प्रत्येक मोठ्या बॅचमध्ये असणारच. बीट सेबर या तलवारीने ठोकळे कापायच्या व्हीआर गेममध्ये ठोकळ्याला लाल-निळा रंग आहेच, पण कुठल्या बाजूने कापायचं ते बाणाने दाखवलंय, आणि उलटीकडून कापलं तर चूक धरतात.

सडेतोड

बरं, समजा हे सगळं केलं. तरी एखादा थिजलाच तर? त्याला तसंच उभं ठेवायचं? एकजण अडकला की मागची रांग अडकते.

टर्नर_काका

थोडा वेळ उभं ठेवायचंच. विचार करायला माणूस गप्प उभा राहतो, त्याला थिजणं म्हणत नाहीत. मास्तरला तेवढा धीर पाहिजे.

सिअ‍ॅटलकर

आणि मग पायरी-पायरीने. आधी मशीनचा घों घों आवाज थोडा वाढवा, म्हणजे ते चालू आहे याची आठवण होते. तरी नाही तर सुपरवायझरने विचारावं, ‘पुरवठा कुठून येतो याला?’ उत्तर नाही, प्रश्न. त्यानंतर त्याने पाटीकडे मान वळवावी. माणूस कुठे बघतो तिकडे आपण बघतोच. किनार अगदी शेवटी, आणि ती लागली याची नोंद झाली पाहिजे. कोणाला कितव्या पायरीवर कळलं हे नंतर मास्तरांना दिसलं तर निकालापेक्षा उपयोगी.

आवाज मराठी-हिंदीतच ठेवा आणि ‘इंटरॅक्ट करा’ वगैरे नको. ‘धरा’, ‘फिरवा’, ‘ओढा’.

फ्यूजवायर

@सिअ‍ॅटलकर, सध्याचं वाक्य ‘कृपया वस्तूशी परस्परक्रिया करा’ असं आहे. हसू नका, भाषांतर क्लायंटकडून आलंय.

तर आता असं करतोय. आधी एक वेगळी छोटी खोली, वर्कशॉपचा कोपरा. वीज नाही, धोका नाही. सुपरवायझर हात पुढे करतो, कुलूप देतो, एक सुटा आयसोलेटर वाइसमध्ये लावलेला असेल, तो हवा तसा फिरवा. टूलबॉक्स उघडेल, बाटली फेकता येईल. मग दार उघडून मुख्य खोलीत. तिथे तिन्ही आयसोलेटर फिरणारे, किनार बंद, कुलूप-टॅग पट्ट्याला, स्टूल बाद. बोटांच्या आकाराचं काम जरा वेळखाऊ आहे, पण आयसोलेटर, कुलूप आणि टेस्टर एवढ्यांना आधी करतो.

काका, एक शंका. कुलूप कुठे घालायचं ते कसं कळावं? मुठीला भोक आहे, पण बारीक आहे, दिसत नाही. तिथे तरी थोडी किनार देऊ का?

टर्नर_काका

नको. रोटरी मूठ असेल तर ती ऑफवर नेल्याशिवाय कुलपाची पट्टी बाहेर येतच नाही. तेच खरं ठेव. मूठ ऑफवर गेली की खट् आवाज येऊ दे आणि पट्टी बाहेर ओढता येऊ दे, भोक आपोआप दिसेल. मूठ ऑनवर असताना कोणी कुलूप घालायला गेला तर पट्टी निघणार नाही, थोडी हलून परत बसेल. एवढंच त्याला पुरे. बनवणाऱ्यानं ती खूण आधीच करून ठेवलीय, तू फक्त ती मोडू नकोस.

आणि टेस्टरचं विसरू नकोस. आधी चालू जागेवर लावून बघायचा, मग आपल्या जागेवर, मग परत चालू जागेवर. नाही तर टेस्टरच मेलेला असतो आणि माणूस म्हणतो वीज नाही. शेजारी एक चालू सॉकेट ठेव त्यासाठी. ते सॉकेट आहे हे सांगू नकोस.

निशिगंधा_के

‘ते आहे हे सांगू नकोस’. काका, तुम्ही आमच्या ऑफिसात याच.

फ्यूजवायर

काका, निशिगंधाताईंच्या आधी आमच्याकडे या. नवीन बांधणी पुढच्या आठवड्यात तयार होईल. तुम्ही हेडसेट घालून बघाल का? मी बाजूला बसून फक्त हात कुठे जातात ते लिहून घेईन, तोंडातून शब्द काढणार नाही.

टर्नर_काका

येतो की. चष्मा काढावा लागतो का त्या डब्यात? चष्म्याशिवाय मला पाटी वाचता येणार नाही, आणि मग चुकीचा आयसोलेटर बंद केला तर शिव्या तुझ्या त्या माणसाच्या खाव्या लागतील.

फ्यूजवायर

चष्म्यासकट बसतो काका, आतली गादी पुढे-मागे सरकवता येते. शिव्यांचं रेकॉर्डिंग अजून व्हायचंय. @रात्रपाळी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघ.